निदानाची किंमत कोणी द्यायची?

डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधील ठाकुर्ली स्थानकालगत एके काळी रेल्वेचे चोळा वीजगृह होते. विजेवर धावणाऱ्या गाड्यांना ते वीज पुरवीत असे. ते बंद होऊन आता कित्येक वर्षे लोटली. परंतु वीजगृह म्हणजे काय आणि वीज उणावली की काय होते, हे या पट्ट्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. भारनियमनाचे दिवस त्याने पाहिले आहेत. विजेचा दाब उतरला की घरातला दिवा मिणमिणता का होईना, जळत राहतो. पण पाणी वर चढविणारा पंप जागचा हलत नाही. ज्याला अधिक वीज लागते ते आधी बंद पडते. हा साधा नियम ध्यानात ठेवला तर एका अत्यंत गुंतागुंतीच्या व्याधिसमूहाचे स्वरूप समजण्यास फारशी अडचण पडू नये.

माणसाच्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत अशी वीजगृहे असतात. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत त्यांना 'तंतुकणिका' म्हटलेले असते. डॉक्टर मंडळी त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. अन्न आणि प्राणवायू यांच्यापासून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा निर्माण करणे हे त्यांचे मुख्य काम. ज्या पेशीला ऊर्जा अधिक लागते तिच्यात त्यांची संख्याही अधिक. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा एकटा मेंदू खर्च करतो. स्नायू, हृदय, डोळ्यांतील मज्जातंतू आणि अंतर्कर्ण यांचीही भूक अशीच मोठी. तंतुकणिकांच्या रचनेत जन्मतःच दोष असेल, तर पहिला आघात होतो तो याच अवयवांवर. चालताना तोल जाऊ लागतो, हातपाय आपोआप वळतात किंवा झटके देतात, पापण्या खाली येतात, आकडी येते, शिकलेले शब्द मूल विसरू लागते. हा सारा एकाच बिघाडाचा पसारा असतो आणि तरीही तो दर रुग्णात निराळा दिसतो.

हा व्याधिसमूह दुर्मिळ मानला जातो. पाश्चात्त्य देशांत झालेल्या मोजदादीवरून दर पाच हजार माणसांमागे सुमारे एकाला हा विकार होतो, असे सामान्यतः सांगण्यात येते. आपल्याकडे अशी मोजदाद झालेली नाही. केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजारविषयक धोरणातच रोगप्रसाराच्या विश्वसनीय आकडेवारीचा अभाव मान्य केलेला आहे. तरीही हाच आकडा धरून ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८,४१,४८८ आणि कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत १२,४७,३२७ लोक राहत होते. दोहोंची बेरीज एकतीस लाखांच्या जवळपास जाते. पाच हजारांमागे एक या प्रमाणाने सहाशेहून अधिक माणसे होतात, आणि त्यानंतर लोकवस्ती वाढलीच आहे. सहाशे कुटुंबे म्हणजे एखादी मोठी वसाहतच. फरक इतकाच, की ही वसाहत एका जागी नाही. ती वागळे इस्टेटपासून टिटवाळ्यापर्यंत घराघरांत विखुरलेली आहे आणि तिच्यातील पुष्कळांना आपल्या आजाराचे नावही ठाऊक नाही. जे विखुरलेले असते ते मोजले जात नाही आणि जे मोजले जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा आपल्या सार्वजनिक व्यवहाराचा जुना अनुभव आहे.

एका शोधाची वाटचाल

या विकारांची ओळख वैद्यकशास्त्राला तशी अलीकडेच झाली. १९५१ मध्ये डेनिस ली या ब्रिटिश मेंदूविकृतितज्ज्ञाने सात महिन्यांच्या एका बालकाच्या मेंदूत आढळलेल्या विशिष्ट खुणांचे वर्णन केले. आज त्याच्याच नावाने ओळखला जाणारा हा विकार बालवयातील तंतुकणिकाजन्य आजारांत प्रमुख मानला जातो. १९६२ मध्ये स्वीडनमधील रॉल्फ लुफ्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतुकणिकांच्याच बिघाडामुळे उद्भवलेला आजार प्रथम दाखवून दिला. पुढच्याच वर्षी तंतुकणिकांत त्यांचा स्वतःचा डीएनए असतो हे सिद्ध झाले. १९८१ मध्ये केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी मानवी तंतुकणिकेतील या डीएनएची संपूर्ण अक्षरमाला वाचून काढली. ती १६,५६९ अक्षरांची असून तिच्यात अवघी ३७ जनुके आहेत. १९८८ मध्ये या अक्षरमालेतील चुका आणि प्रत्यक्ष आजार यांचा संबंध प्रथमच प्रस्थापित झाला. म्हणजे आज पन्नाशीच्या पुढे असलेला एखादा रुग्ण जन्मला तेव्हा त्याच्या आजाराचे कारण जगातील कोणत्याही डॉक्टरला सांगता आले नसते.

मेंदू आणि हालचाल यांच्याशी संबंधित आनुवंशिक विकारांच्या अभ्यासाची परंपरा मुंबईला नवीन नाही. जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारशास्त्राचा पाया घालणारे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९७१ मध्ये डॉ. स्वामी यांच्यासह 'ब्रेन' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. तोल जाणे आणि त्याच्या जोडीला डोळ्यांची हालचाल विलक्षण मंदावणे, अशा एका पिढीजात विकाराचे वर्णन त्यात होते. हा विकार तंतुकणिकांचा नव्हे. त्याची जात वेगळी. पण त्यातून मिळणारा धडा येथेही लागू पडतो. तो निबंध तयार झाला तो एकेका कुटुंबाची वंशावळ मांडून आणि रुग्णाला पुन्हापुन्हा काळजीपूर्वक तपासून. आनुवंशिक आजारात रुग्ण एकटा नसतो, त्याचे सारे गणगोत त्याच्यासोबत तपासणीच्या खोलीत येत असते, हे त्या पिढीतील डॉक्टरांनी ओळखले होते.

मावशी, मामा आणि आत्या

हा गणगोताचा विचार नीट न झाल्यामुळे घरोघरी केवढा अन्याय होतो, हे पाहण्यासारखे आहे. तंतुकणिकांतील डीएनए अपत्याकडे येतो तो आईकडूनच. पित्याच्या तंतुकणिकांना वंशात व्यवहारतः स्थान नाही. डॉक्टरांच्या तोंडचे "हे आईकडून येते" हे वाक्य शास्त्रीय अर्थाने उच्चारलेले असते. परंतु दवाखान्याची पायरी उतरून घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ पालटतो. "सुनेने आजार आणला" असे त्याचे रूपांतर होते. मग तिच्या माहेरच्यांनी काय लपविले याची चौकशी सुरू होते, तिच्या धाकट्या बहिणीचे ठरत आलेले लग्न अडते, आणि आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर बसणारी बाईच त्या घरात आरोपी ठरते.

या आरोपाला शास्त्राचा आधार नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट अशी, की तंतुकणिकांच्या कामाला हजाराहून अधिक प्रथिने लागतात आणि त्यांपैकी अवघ्या तेरांचा आराखडा त्यांच्या स्वतःच्या डीएनएत असतो. बाकी सर्वांचे आराखडे पेशीच्या केंद्रकात असतात आणि केंद्रकातील जनुके आई व वडील या दोघांकडून सारखीच येतात. लहान वयात सुरू होणाऱ्या विकारांचा मोठा भाग या केंद्रकातील जनुकांच्या दोषामुळेच उद्भवतो. बहुधा अशा वेळी आई आणि वडील दोघेही एकेका सदोष जनुकाचे वाहक असतात, दोघेही ठणठणीत असतात आणि प्रत्येक गर्भारपणात चारांत एक या प्रमाणात धोका राहतो. दुसरी गोष्ट, काही दोष कोणाकडूनच आलेले नसतात. ते त्या जीवाच्या घडणीतच नव्याने उद्भवतात. तिसरी गोष्ट, दोष आईच्या तंतुकणिकांतून आला असला तरी तिच्या पेशींत निरोगी आणि सदोष अशा दोन्ही तंतुकणिका मिसळलेल्या असतात. त्यांतील किती कोणत्या अंड्यात जातील हे ती ठरवीत नाही. त्यामुळेच एकाच आईच्या तीन मुलांत एक अंथरुणाला खिळलेले, एकाला केवळ कमी ऐकू येते आणि तिसरे पूर्ण निरोगी, असे चित्र दिसू शकते.

मराठी कुटुंबातील नाती या शास्त्राशी ताडून पाहिली म्हणजे गोष्टी आणखी उलगडतात. दोष तंतुकणिकांच्या डीएनएत असेल तर तो मावशीत आणि मावशीच्या मुलांत असण्याची शक्यता असते. मामा स्वतः आजारी पडू शकतो; पण त्याच्या मुलांना तो दोष जात नाही, कारण त्यांच्या तंतुकणिका मामीच्या. आत्या तर या वाटेवर येतच नाही. 'माय मरो, मावशी उरो' ही म्हण ज्याने रचली त्याच्या मनात मायेचा विचार होता; पण तंतुकणिकांच्या वंशावळीतही आईनंतर पहिली विचारपूस करायची ती मावशीचीच. दोष केंद्रकातील जनुकाचा असेल तर हिशेब निराळा. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याचा प्रघात आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय आप्तव्यवस्थेवरील ग्रंथात या प्रघाताची चिकित्सा केलेली आहे. अशा विवाहात पती आणि पत्नी यांचे आजीआजोबा एकच असल्याने एकच सदोष जनुक दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. तात्पर्य, दोष कोणत्या जातीचा हे कळल्याखेरीज कोणत्या नातेवाइकाने सावध राहावे आणि कोणी निर्धास्त राहावे, हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेतील एका अहवालावर एका मुलाचे निदान तर अवलंबून असतेच. पण एखाद्या मावशीचे लग्न आणि एखाद्या आईची अब्रूही त्यावर अवलंबून असते.

डोंबिवली ते परळ

हा अहवाल हाती येईपर्यंतचा प्रवास कसा असतो, याचे एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांपुढे आणावे. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहणारे कुटुंब. वडील मुंबईतील एका कचेरीत कारकून, आई खासगी शिकवण्या घेणारी. दीड वर्षाचे मूल चालू लागलेले. एका पावसाळ्यात त्याला ताप येतो, ताप उतरतो. पण मूल पुन्हा उभे राहत नाही. मान डळमळते, गिळताना ठसका लागतो. आधी अशक्तपणाचे टॉनिक, मग आकडीचे औषध, मग एमआरआय, मग रक्तातील लॅक्टेटची तपासणी. मध्यंतरी कोणी अंगारा देते, कोणी मालिश करणाऱ्याचे नाव सुचविते. शेवटी कोणी जाणता डॉक्टर परळला जाण्याचा सल्ला देतो. परळला महापालिकेचे केईएम रुग्णालय आहे. १९२६ पासून ते गोरगरिबांचा आधार आहे आणि केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजारविषयक धोरणात उत्कृष्टता केंद्र म्हणून निवडलेल्या संस्थांपैकी ते एक आहे. म्हणजे ठाणे जिल्ह्यातील माणसाला देशातील एक प्रमुख केंद्र लोकलच्या अंतरावर लाभले आहे. विदर्भातील वा मराठवाड्यातील कुटुंबाला हेही भाग्य नाही.

परंतु लोकलचे अंतर म्हणजे काय, हे सकाळी आठ वाजता डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहिल्यावाचून कळत नाही. मान न धरणारे मूल कडेवर घेऊन त्या गर्दीत शिरणे हे धडधाकट माणसालाही अशक्यप्राय. दिव्यांगांसाठी राखीव डबा आहे, पण त्यात बसण्याचा हक्क सिद्ध करायला प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्रासाठी निदानाचे कागद लागतात. मग रिक्षा किंवा टॅक्सी, वडिलांची रजा, आईच्या बुडालेल्या शिकवण्या, बाह्यरुग्ण विभागातील रांग आणि "पुढच्या आठवड्यात या". या साऱ्याची किंमत कोणत्याही सरकारी तक्त्यात नोंदली जात नाही. केसपेपर स्वस्त असला तरी उपचार स्वस्त नसतो, तो याच कारणामुळे.

येथे अर्थशास्त्राचा मुद्दा उपस्थित होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे आणि तिचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु या योजनेचा ढाचा ठरावीक शस्त्रक्रिया आणि रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाचे उपचार यांभोवती बेतलेला आहे. ज्या आजारात शस्त्रक्रिया नाही, ज्यात मुख्य खर्च होतो तो दाखल न होता करावयाच्या तपासण्यांवर, व्यायामोपचारावर आणि वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेवर, तो आजार या साच्यात बसत नाही.

उपचार नाही, म्हणून निदानही नको?

केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २०२२ मध्ये त्याखालील साहाय्याची मर्यादा प्रत्येक रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत वाढविली. या धोरणात आजारांचे तीन गट पाडलेले आहेत: एकदाच करावयाच्या उपचाराने बरे होणारे, दीर्घकाळ पण तुलनेने कमी खर्चाचा उपचार लागणारे, आणि निश्चित उपचार उपलब्ध असलेले परंतु तो अतिशय महाग असणारे. वर्गीकरण तर्कशुद्ध आहे. मात्र त्याचा पाया 'उपचार उपलब्ध आहे' या गृहीतकाचा आहे. तंतुकणिकांच्या बहुसंख्य विकारांवर आज निश्चित उपचार नाही. कोएन्झाइम क्यू-१०, रायबोफ्लेविन, कार्निटिन अशी पूरके दिली जातात आणि काही रुग्णांना त्यांचा उपयोगही होतो. परंतु मुळावर घाव घालणारे औषध क्वचितच एखाद्या प्रकारासाठी उपलब्ध आहे. साहजिकच धोरण तयार होते, निधी मंजूर होतो, आणि उपचारच नसलेला रुग्ण मात्र दारातच उभा राहतो.

उपचार नसेल तर निदानावर पैसा का घालवावा, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारतो. तो वरकरणी बिनतोड वाटतो. पण तो चुकीचा आहे, आणि त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, निदानाविना औषध घातक ठरू शकते. आकडीवर सर्रास दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध पीओएलजी नावाच्या जनुकात दोष असलेल्या रुग्णाचे यकृत निकामी करू शकते. तंतुकणिकांच्या डीएनएतील एका विशिष्ट बदलामुळे जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारख्या प्रतिजैविकांनी माणूस कायमचा बहिरा होतो. हा बदल १९९३ मध्ये ओळखण्यात आला. घरातील एकाला हा दोष असल्याचे आधीच कळले, तर त्याच्या मातृवंशातील सर्वांचे कान वाचविता येतात. अर्थात कोणीही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून चालू औषध थांबवू नये. आकडीचे औषध एकाएकी बंद करणे हेही तितकेच धोक्याचे असते.

दुसरे कारण अधिक हेलावून सोडणारे आहे. काही आजार असाध्य विकाराची हुबेहूब नक्कल करतात. पण ते साध्य असतात. १९९८ मध्ये सौदी अरेबियातील मुलांत प्रथम वर्णिलेल्या एका विकारात तापानंतर मूल कोसळते, हातपाय वळतात, एमआरआयमधील चित्रही ली यांच्या विकारासारखे दिसते. मात्र त्याचे मूळ जीवनसत्त्व पेशीत पोहोचविणाऱ्या जनुकाच्या दोषात असते आणि बायोटिन व थायमिन ही दोन जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत, वेळेवर आणि जन्मभर दिली तर मूल सावरू शकते. ही औषधे औषधविक्रेत्याच्या फळीवरील स्वस्त गोळ्यांपैकी आहेत. 'असाध्य' असे लेबल लावून घरी पाठविलेल्या मुलांत असे एखादे मूल असेल, तर त्याचा मृत्यू आजाराने झाला असे म्हणता येणार नाही. तो तपासणीच्या अभावाने झाला असेच म्हणावे लागेल.

तिसरे कारण शुद्ध आर्थिक आहे. बाजारात प्रत्येक ग्राहक आपल्याला होणाऱ्या लाभाएवढीच किंमत मोजतो. परंतु आनुवंशिक निदानाचा लाभ पैसे देणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही. डोंबिवलीतील कारकुनाने हजारो रुपये खर्चून मुलाची तपासणी केली, तर तिचा फायदा नाशिकच्या मावशीला, तिच्या लग्नाच्या मुलीला आणि अजून न जन्मलेल्या नातवंडांना होतो. आजार मोजला गेल्यामुळे सरकारच्या नियोजनालाही होतो. या लाभाचा मोबदला त्या कारकुनाला कोणीही देत नाही. ज्या वस्तूचा लाभ इतरांना मिळतो आणि खर्च एकट्याला सोसावा लागतो, तिची खरेदी बाजारात नेहमी गरजेपेक्षा कमीच होते. देवीची लस, सांडपाण्याची गटारे, प्राथमिक शिक्षण यांचा भार समाजाने उचलला तो याच तत्त्वावर. आनुवंशिक निदान याच पंक्तीत बसते. ते चैनीची वस्तू नव्हे, ते सार्वजनिक हिताचे ज्ञान आहे.

आक्षेप आणि उत्तर

याविरुद्ध एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर कुपोषण आहे, क्षयरोग हटलेला नाही, सर्पदंशावरची लस वेळेवर पोहोचत नाही. अशा वेळी सहाशे कुटुंबांच्या दुर्मिळ आजारासाठी तिजोरी उघडावी काय? साधने मर्यादित आहेत आणि एकीकडे दिलेला रुपया दुसरीकडून काढावा लागतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातच शिकविले जाते.

परंतु येथे मागणी कोटीच्या घरातील औषधांची नाही. मागणी आहे ती एकदाच करावयाच्या तपासणीची, घराजवळच्या व्यायामोपचाराची आणि माणुसकीच्या समुपदेशनाची. शिवाय हा खर्च आज होत नाही असे नाही. तो होतच आहे. तो फक्त सरकारच्या वहीत न दिसता घराच्या वहीत दिसतो. पाच डॉक्टर, तीनदा काढलेली तीच ती छायाचित्रे आणि निरुपयोगी टॉनिके यांवर उधळलेला पैसाही राष्ट्रीय साधनसंपत्तीचाच भाग आहे. याहून मोठा खर्च आहे तो वेळेचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या शुश्रूषेत सहभागी असल्याचे आढळले आणि त्या दिवसाकाठी सरासरी १४० मिनिटे त्यासाठी देत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे होता. ही सर्वसाधारण घरांची सरासरी. ज्या घरात मूल स्वतः कूस बदलू शकत नाही, तेथे मिनिटांचा हिशेब संपतो आणि दिवसरात्रीचा सुरू होतो. त्या आईने सोडलेली नोकरी राष्ट्रीय उत्पन्नातून वजा होते. तिने केलेली शुश्रूषा मात्र त्यात मिळविली जात नाही.

करण्याजोग्या गोष्टी

काय करता येईल, याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. नवजात बालकापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघर येथे, आणि पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. विकासातील विलंब ओळखणे हे या कार्यक्रमाच्या उद्दिष्टांतच आहे. अंगणवाडीत वा बालवाडीत "शिकलेले विसरू लागलेले" मूल दिसले, तर ते केवळ मंद नाही, त्याला तातडीने पुढे पाठविले पाहिजे, एवढे एक सूत्र पथकांना आणि शिक्षकांना शिकविले तरी पुष्कळ महिने वाचतील. ठाणे महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. तेथे आठवड्यातून एक दिवस आनुवंशिक आजारांचा बाह्यरुग्ण विभाग चालविता येईल. रक्ताचा नमुना परळला जाऊ शकतो. रुग्णाने गेलेच पाहिजे असे नाही. कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयांत व्यायामोपचाराची सोय वाढविली, तर आईला आठवड्यातून दोनदा लोकल गाठावी लागणार नाही.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचाही विचार व्हावा. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले आणि त्यांत दीर्घकालीन मज्जाविकारांचा समावेश आहे. पण तंतुकणिकांच्या रुग्णाची प्रकृती रोज सारखी नसते. विश्रांतीनंतरच्या सकाळी तो मंडळासमोर चार पावले नीट टाकतो आणि दुपारी त्याला पाण्याचा पेला उचलवत नाही. एका सकाळच्या पाहणीवर टक्केवारी ठरविणे अशा आजारात न्याय्य नाही. निदानाच्या कागदाला तेथे वजन मिळाले पाहिजे.

विज्ञान थांबलेले नाही. ब्रिटनच्या संसदेने २०१५ मध्ये परवानगी दिल्यानंतर निरोगी दात्या स्त्रीच्या तंतुकणिका वापरून गर्भ घडविण्याच्या पद्धतीवर तेथे काम झाले आणि जुलै २०२५ मध्ये न्यूकॅसल येथील पथकाने या मार्गाने आठ बालके जन्मल्याचे जाहीर केले. हे तंत्र उद्या भारतात येईल किंवा न येईल. त्यातील नीतीचे प्रश्नही सोपे नाहीत. परंतु ते आले तरी त्याचा लाभ कोणाला मिळेल? ज्या आईला आपल्या मुलाचा आजार कोणता हे ठाऊक आहे तिलाच. पुढील प्रत्येक दार निदानाच्या किल्लीनेच उघडते.

ठाकुर्लीचे वीजगृह बंद पडले तरी गाड्या थांबल्या नाहीत, कारण दुसरीकडून वीज आणण्याची जबाबदारी रेल्वेने एका-एका प्रवाशावर टाकली नाही. ज्या मुलांच्या शरीरातील वीजगृहे जन्मतःच अधू आहेत त्यांना नवी वीजगृहे देणे आज कोणाच्याही हाती नाही. पण बिघाड कोठे आहे हे त्यांच्या आईवडिलांना सांगणे, आणि तो सांगताना आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढणे, हे नक्कीच हाती आहे. त्याची किंमत एकट्या घराने मोजायची की सर्वांनी मिळून, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. आणि त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राने द्यायचे नाही, ते समाजाने द्यायचे आहे.